थोरल्याची बैठक

माझ्या बाजात माझ्यासकट बारा माणसे होती, आणि बाराही जणांची वाद्ये मला वाजवता येत. कोणी आजारी पडला, कोणी रुसला, कोणी ताडी पिऊन आडवा झाला, तर त्याच्या जागी मी उभा राहत असे. यात बढाई नाही. दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची ज्याला चीड आहे, त्याला सगळेच शिकून घ्यावे लागते. मात्र जे वाद्य मी सर्वांत मन लावून शिकलो, ते माझ्या हक्काच्या जागी बसून वाजवायला मला एका संध्याकाळपलीकडे कधी मिळाले नाही. ही तक्रार मी पन्नाशी उलटली तरी सोडलेली नाही. ती कोणाला चुकीची वाटत असेल, तर त्याने पुढचे वाचावे आणि मग बोलावे.

आम्ही कोपरीचे गुरव. गावदेवीची पूजा आणि वाजंत्री ही दोन्ही कामे आमच्या घराकडे. देवळाच्या ओटीवर, गाभाऱ्याच्या डाव्या हाताला, एक घडीव दगड आहे. त्यावर सनईवाला बसतो आणि खालच्या पायरीवर संबळवाला. वडिलांच्या मागे दगडावर थोरला, पायरीवर धाकटा, ही आमच्या घरची रीत. दगडावर जो बसेल त्याचाच सूर गावातल्या प्रत्येक लग्नात अंतरपाट सरताच पहिला निघायचा. आम्ही दोघे भाऊ. मी चार वर्षांनी मोठा.

माझे हात लहानपणापासून स्वस्थ नसत. मी पाटावर, हंड्यावर, दारावर, झोपलेल्या भावाच्या पाठीवर बोटे वाजवीत असे. आई म्हणायची, हा मेल्यावर याला चितेवर नीट बांधा, नाहीतर लाकडे वाजवील. उन्हाळ्याच्या तोंडाला मिठागरात वाफ्यांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करतात. वीस-वीस बाया-पुरुष ओळीने उभे राहून एका ठेक्यात पाय आपटतात. बांधावर बसून मी त्यांच्यापुढे डबा बडवायचो. एकदा मी ठेका हळूहळू चढवत नेला, तर सगळी ओळ धापा टाकत चिखलात बसली आणि मुकादमाने मला बांधावरून हाकलून दिले. त्या दिवशी मला कळले की माणसांचे पाय माझ्या हातात आहेत.

वडिलांनी मला संबळ शिकवला, मग सनई. सनई मला लवकर आली. वडील कौतुक करणारे नव्हते, पण एकदा संध्याकाळच्या पूजेला त्यांनी मला दगडावर बसवले आणि स्वतः खाली पायरीवर संबळ घेऊन बसले. तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा असेन.

त्याच सुमारास तलावाजवळच्या ख्रिस्ती वस्तीत एक मास्तर राहायला आले. पलटणीच्या बाजात आयुष्य काढून ते मोकळे झाले होते. त्यांनी चार-सहा पोरे जमवून इंग्रजी बाजा काढला. मी कुंपणापाशी उभा राहून रोज ऐकायचो. एके दिवशी त्यांचा ड्रमवाला आला नाही. मी आत गेलो आणि म्हणालो की मला द्या. मास्तरांनी हसून काठ्या हातात दिल्या. त्यांनी मला घ्यायचे ठरवले, तेव्हा मी अट घातली की ड्रम वाजवीन, पण बाकीची वाद्येही शिकवायची, एकेक करून सगळी. मास्तर म्हणाले, एवढासा आहेस आणि सौदा करतोस? मी म्हणालो, मोठा झाल्यावर भाव वाढेल.

ते कबूल झाले. दोन वर्षांत मी ड्रम, मोठा ढोल, झांजा आणि सारंगीसारखे, पण हनुवटीखाली धरून वाजवायचे ते फिडल शिकलो. मास्तरांशी माझे भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचे. त्यांच्या कवायतीच्या चालीत जिथे पाऊल पडते तिथेच ठोका पडला पाहिजे. मी मधूनच संबळाचा ठोका घालत असे, पाऊल पडून गेल्यावर जरासा मागून. मास्तर काठी हिसकावून घेत. म्हणत, पाऊल कुठे टाकायचे ते लोकांना कळले पाहिजे. मी म्हणायचो, ते कळले की लोक चालतात. कळले नाही की नाचतात.

मग कॉर्नेटची पाळी आली. ते पितळी वाद्य मास्तरांनी स्वतः तीस वर्षे फुंकलेले. त्यांनी तोंडाकडचा भाग फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिले. मी फुंकले. पहिल्याच दिवशी सूर लागला. त्या आनंदात मी धावत घरी गेलो आणि वडिलांना सांगितले. इतका शहाणा मी, पण ही गोष्ट लपवावी हे मला सुचले नाही.

वडील देवीची भांडी घासत होते. त्यांनी विचारले, "तोंड लावलंस?"

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, "ढोल वाजव, ताशा वाजव, काय वाटेल ते बडव. हात धुता येतो. दुसऱ्याचं उष्टं तोंडात घेतलेल्यानं देवीच्या सनईला तोंड लावायचं नाही."

पुढच्या पूजेला दगडावर भाऊ बसला. त्याला तेव्हा धड तीन सूरही येत नव्हते.

मी पुष्कळ घासाघीस केली. नवी सनई करून घेतो म्हणालो. प्रायश्चित्त घेतो म्हणालो, गोमूत्र, उपास, काय असेल ते. कॉर्नेट सोडतो असेही म्हणालो, आणि असे मी कधी कोणासाठी म्हटलेले नाही. वडील ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. देवीशी घासाघीस नसते, एवढेच त्यांचे उत्तर. मला ते पटले नाही, आजही पटत नाही. नवस म्हणजे दुसरे काय असते?

मी घर सोडले. मास्तरांकडेच राहिलो. कॉर्नेट सोडायचे कारण उरले नव्हते, म्हणून मी ते असे शिकलो की मास्तर स्वतः वाजवायचे थांबले. मग सनईच्या जातीचे क्लॅरिओनेट शिकलो. मास्तर वारल्यावर बाजा घेऊन कल्याणला गेलो, कारण तिथे रेल्वेचे साहेब लोक राहत आणि त्यांच्या नाचाला बाजा लागे. त्यांच्यासाठी मी संध्याकाळभर फिडल वाजवी, आणि दुसऱ्या दिवशी शीळच्या रस्त्याने एखाद्या वरातीपुढे ड्रम गळ्यात अडकवून चाललेला असे. भिवंडी, माजिवडा, मुरबाड, कुठेही. बायको म्हणायची, जेवताना तरी मांडी हलवू नका, ताटातले वरण सांडते. एका जागी चार दिवस राहिलो की मला अंगावर मुंग्या चढल्यासारखे होई. मला वाटे, आपली जागा आपल्याला मिळाली नाही, म्हणून दुसरी कुठलीच पटत नाही.

माझा बाजा नावाजला तो दोन गोष्टींमुळे. एक, तो मागून येणारा ठोका. दुसरी, माझी शिस्त. ड्रमच्या कडेवर मी लागोपाठ दोन ठोके मारले की बाकीच्या अकराही जणांनी त्याच क्षणी सुरू करायचे. तोंडात घास असो, डोळे मिटलेले असोत, समोर वाघ उभा असो. जो उशीर करील त्याने मोठा ढोल डोक्यावर घेऊन गावभर फिरायचे. कोणाला विचार करायला मी वेळच ठेवला नव्हता. माझ्या त्या शिस्तीचा मला फार अभिमान होता.

कोपरीच्या हद्दीत मात्र मी बावीस वर्षे वाजवले नाही. मग गावातल्या एका मिठागरवाल्या शेटच्या मुलाचे लग्न निघाले. या शेटचा बाप मिठागरात वाफे तुडवायला जायचा. शेटने स्वतः तीन मिठागरे केली. त्याला इंग्रजी बाजा हवा होता आणि तोही माझाच. तो स्वतः कल्याणला आला. मी म्हणालो, येतो, पण अंतरपाट सरताच पहिला सूर माझा. सनई मी वाजवणार, भाऊ नाही.

शेट म्हणाला, "अरं, लगीन माझ्या पोराचा हाय का तुमच्या घरच्या भांडणाचा? गुरवबाबांना विचार. ते हो बोलले तर तू सनई वाजव न्हायतर शंख फुंक."

म्हणून मी बावीस वर्षांनी वडिलांसमोर बसलो. ते फार थकले होते. सनई केव्हाच भावाकडे गेली होती. वडिलांकडे आता एकच काम उरले होते, घटकेचे. आमच्या गावात लग्नमंडपात घंगाळभर पाणी ठेवतात आणि त्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडतात. वाटी भरून बुडाली की घटका भरली. भटजींचे डोळे पोथीत, म्हणून वाटीवर नजर ठेवायचे काम म्हाताऱ्या गुरवाचे. तो हात वर करून "बुडाली" म्हणतो, मग भटजी शेवटचे सावधान म्हणतात, अंतरपाट सरतो आणि सनई सुरू होते. तो हात वर होईपर्यंत भटजी मंगलाष्टकांवर मंगलाष्टके म्हणत राहतात. माझ्या वडिलांचा हात क्षणभर आधी किंवा नंतर वर झाला असे कोणी कधी म्हटले नाही.

मी त्यांना दोन तास सोडले नाही. वराती पाहत मी जन्म काढला होता, कुठे काय द्यायचे आणि काय घ्यायचे ते मला ठाऊक होते. मी म्हणालो, वरातीत भावाची सनई पुढे, माझा बाजा मागे. पारावरचा थांबा त्याचा. पहिली पंगत त्याच्या माणसांची. मला फक्त मंडपातला तो एक सूर. वडील म्हणाले, सूर एक नाही रे, तू दगड मागतोयस. मी म्हणालो, हो, दगडच मागतोय. माझा आहे.

शेवटी त्यांनी एक गोष्ट कबूल केली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवळात गावातली पाच माणसे बसवू. त्यांच्यासमोर तू मागणे मांड. त्यांनी तुला बसवले तर मी नाही म्हणणार नाही. पण मंडपात तू गप्प राहायचे. भावाची सनई वाजल्याशिवाय तुझ्या बाजाने आवाज करायचा नाही. एवढे पाळलेस तर तुझे मागणे पंचांपुढे उभे राहील.

पाच माणसांपैकी तिघे माझ्या बाजूचे आहेत, हे मी आधीच हिंडून पाहून ठेवले होते. मला फक्त एक सकाळ गप्प राहायचे होते.

मंडप खचाखच भरला होता. माझी माणसे वाद्ये धरून मांडवाच्या कडेला उभी. माझ्या पुढ्यातच भाऊ पाठमोरा सनई घेऊन बसलेला, त्याचा संबळवाला शेजारी. पलीकडे वडील घंगाळापाशी, नजर पाण्यावर. मी ड्रम उतरवून जमिनीवर ठेवला होता, चुकून वाजू नये म्हणून. काठ्या मात्र हातात होत्या. त्या खाली ठेवायला हव्या होत्या.

तिसरे मंगलाष्टक चालू होते. भाऊ जरा ऐसपैस बसायला सरकला. ड्रम त्याला अडत होता. त्याने मागे न पाहता पायाने तो बाजूला सारला.

पायाने. आमच्या घरात वाद्याला पाय लागला तर आम्ही त्याच्या पाया पडतो. मी वाकून त्याला हळूच म्हणालो की पाय लावलास. त्यानेही मान वळवून हळूच उत्तर दिले, पण ओठ हसत होते.

"दादा, ते काय देवीचं आहे? पिंप आहे ते."

माझे डोके फिरले. त्याला मारायचे माझ्या मनात नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. मी फक्त काठ्या आपटल्या. आपटल्या त्या ड्रमच्या कडेवर, एकामागोमाग दोन्ही.

आणि माझा बाजा सुरू झाला.

सगळे एका क्षणात, एका सुरात. इतके नेमके ते कधीच वाजले नव्हते. मंडपातल्या लोकांना वाटले मुहूर्त झाला. अक्षतांचा पाऊस पडला. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी तो खाली सोडला. नवरा-नवरी एकमेकांकडे पाहत उभी राहिली आणि कोणीतरी मागून हार पुढे केले. भटजींचे तोंड उघडे ते उघडेच. त्यांनी वडिलांकडे पाहिले.

मीही पाहिले. मी उभा होतो, मला घंगाळ दिसत होते. वाटी पाण्यावर होती. काठ चांगला बोटभर वर होता.

वडिलांनी मान उचलून आधी भटजींकडे पाहिले, मग माझ्याकडे. मग त्यांनी हात वर केला. ओठ हलले. आवाज ऐकू येणे शक्य नव्हते, पण तो शब्द गावातले लहान पोरही ओळखे. बुडाली. लगेच त्यांनी खांद्यावरचे उपरणे काढून घंगाळावर टाकले, जणू घाम पुसून ते तिथे ठेवले असावे. भटजींनी सावधान म्हटले. भावाने वडिलांचा हात पाहिला आणि सनई तोंडाला लावली, माझ्या बाजाच्या मागून.

लोकांत थोडी कुजबुज झाली की इंग्रजी बाजा सनईच्या आधी वाजला. शेट मला म्हणाला, घाई केलीस रे. बस, एवढेच. मुहूर्ताबद्दल कोणी ब्र काढला नाही, कारण गुरवबाबांचा हात वर झाला होता.

पंगती चालू असताना मी वडिलांना विहिरीपाशी गाठले. ते उपरणे पिळत होते. मी म्हणालो, बाबा, वाटी वर होती.

ते म्हणाले, "मी बुडाली म्हणालो ना?"

मी म्हणालो की मी चुकलो, मी सगळ्यांसमोर सांगतो.

"आणि त्या पोरीला काय सांगशील? उद्या तिचं मूल गेलं, नवरा आजारी पडला, की सासू कोणाकडे बोट दाखवील? तुझ्याकडे? तू कल्याणला." त्यांनी उपरणे झटकले. "उद्या पंच आहेत. तुझं मागणं मांड. मी दिलेला शब्द परत घेत नाही."

माझ्या जन्मात मला कोणी असे कोंडीत पकडले नाही. मंडपात गप्प राहण्याची अट मी मोडली होती, तरी ते मला मागू देत होते. पण मागायचे कसे? दगडावर बसणाऱ्याची पुढची पायरी म्हणजे घटकेपाशी बसणे. ज्या कामाची इज्जत त्यांनी सकाळी माझ्यापायी घालवली, तेच काम मी उद्या हक्काने मागणार होतो. पंचांपुढे गप्प राहिलो तर दगड जाणार, तोंड उघडले तर त्या खोट्यावर बसून उघडावे लागणार.

दुसऱ्या दिवशी पाच माणसे देवळात बसली. वडील खांबाला टेकून होते. मला विचारले, काय मागणे आहे? माझ्या बाजूचे तिघे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, काही नाही. त्यांना वाटले मी चिडून बोलतो आहे. पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले आणि ओटीवरून उतरलो.

भाऊ वेशीपर्यंत मागे आला. म्हणाला, "दादा, तू मागितलं असतंस तर मी उठणार होतो. कालपासून ठरवून बसलो होतो."

मी त्याला एक सणसणीत शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

वडील त्यानंतर कुठल्याच घंगाळापाशी बसले नाहीत. डोळ्यांना दिसत नाही असे त्यांनी गावाला सांगितले. आणि अंगणातल्या तुळशीवरचा किडा ते पडवीतून ओळखत. ते वारले त्याला आता नऊ वर्षे झाली. त्या नवरा-नवरीला चार मुले आहेत, सगळी धट्टीकट्टी. हे मी सुटका करून घेण्यासाठी सांगत नाही. मला अजूनही वाटते की त्या दिवशी वडिलांनी उभे राहून म्हणायला हवे होते, माझ्या थोरल्याच्या हातून चूक झाली. मी ती चूक भरून दिली असती, शेटची, त्या पोरीची, गावाची, जी काय असेल ती. आणि मग माझा हक्क मोकळ्या तोंडाने मागितला असता. त्यांनी एक शब्द उच्चारून माझ्याकडून तो काढून घेतला, आणि मला उलट काही देताही येऊ नये असा काढून घेतला. लोक म्हणतात मी मोठा सौदेबाज. लोकांनी माझे वडील पाहिले नाहीत.

परवा देवीच्या पालखीला भावाचा निरोप आला. त्याच्या संबळवाल्याच्या हाताला गळू झाले होते, येतोस का? मी निरोप्याला बाहेर बसवून ठेवले आणि बाजाच्या माणसांना नवी चाल शिकवत राहिलो. मग सांगून पाठवले की येतो, पण वेग मी धरीन. त्याने कबूल केले.

मी खालच्या पायरीवर बसलो. भाऊ वर दगडावर. पालखी उठली आणि आम्ही तिच्यापुढे चालू लागलो. पाराच्या पुढे रस्ता मोकळा होता. मी ठोका थोडा मागे खेचला, मग आणखी थोडा, आणि वेग चढवला. भोई पावले चुकवत हसू लागले. बायका नाचू लागल्या. भावाचा दम पुरेना. दोन ओळींच्या मध्ये त्याने सनई तोंडावरून काढली.

"दादा, हळू. देवी पालखीत आहे, आगगाडीत नाही."

वेग मी धरणार, हे त्याने आधीच कबूल केले होते. मी त्याला ती आठवण करून दिली आणि वाजवत राहिलो.